चाक, आस आणि बैलाची मान

शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून एकवार सभोवार दृष्टी फिरविली, तर चाक नाही अशी जागा सापडणे कठीण. गोठ्यापुढे गाडी उभी असते, परसात कडबा कापण्याचे यंत्र असते, विहिरीवर रहाट अथवा कप्पी असते, पडवीत सायकल टेकवून ठेवलेली असते. गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा दोन चाकांवरूनच फिरतो, आणि विजेच्या पंपाच्या पोटात पाणी वर फेकणारे जे असते, तेही एक पात्यांचे चाकच होय. ही वस्तू आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती करकरू लागेपर्यंत तिची आठवणही होत नाही.

चाकाने ओझे हलके होते, हे लहान मूलही सांगेल. परंतु ते कोणाचे हलके होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. चाकाचा शोध, त्याची घडण आणि त्याचे नित्याचे उपयोग यांची हकीकत सांगता सांगता या प्रश्नाचाही विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

डोंगरावरून ओंडका घरंगळताना पाहून कोणा शहाण्याने त्याची चकती कापली आणि चाक सिद्ध झाले, अशी एक समजूत आहे. ती खरी मानण्यास अडचण आहे. झाडाचे खोड आडवे कापून चकती काढली, तर ती रेषेने चिरते आणि ओझ्याखाली फुटते. म्हणून प्राचीन सुतारांनी खोडाच्या उभ्या फळ्या काढल्या, त्या एकमेकींस जोडल्या व मग गोल तासल्या. युरोपातील स्लोव्हेनिया देशात ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत २००२ साली असे एक चाक सापडले. ते सुमारे ५,१५० वर्षांपूर्वीचे आहे. चाक एका जातीच्या लाकडाचे व आस दुसऱ्या, अधिक कणखर जातीच्या लाकडाचा, आणि दोहोंचा सांधा पाचरी मारून पक्का केलेला. म्हणजे या गाडीचे चाक आसाभोवती फिरत नव्हते. चाक व आस दोन्ही मिळून फिरत होती. पोलंडमध्ये याहूनही थोडे जुने एक मातीचे भांडे मिळाले असून त्यावर चार चाकांच्या गाडीसारखी आकृती कोरलेली आहे. इराकच्या प्राचीन नगरांतही त्याच सुमारास गाडीचे चित्र लेखनचिन्ह म्हणून वापरात होते. तेव्हा हा शोध सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा म्हणण्यास हरकत नाही. शेती त्याच्या आधी कित्येक हजार वर्षे चालू होती. मनुष्याने धान्य पेरले, जनावर माणसाळविले, मडके भाजले, वस्त्र विणले. आणि चाक त्यानंतर आले.

इतका उशीर का लागावा? गोल आकार तर आकाशात रोज दिसतो. आमच्या मते याचे उत्तर असे की, चाकाचे मर्म त्याच्या गोलाईत नसून मध्यभागी आहे. तुंब्याचे भोक आणि त्यात बसणारा आस यांची जोडी जमणे हाच खरा शोध. भोक सैल झाले तर चाक डगमगते. घट्ट झाले तर फिरत नाही. ही जोडी नेमकी साधण्यास पटाशीसारखे बारीक हत्यार व सुताराचा बसलेला हात, दोन्ही लागतात.

या जोडीने काय साधते ते हिशेबानेच पाहावे. समजा, गाडीचे चाक ५ फूट उंच आहे व लोखंडी आस २ इंच जाड आहे. चाकाचा एक फेरा पुरा झाला की गाडी सुमारे पावणेसोळा फूट पुढे जाते. तेवढ्या वेळात तुंब्याच्या आत आसावर जे घासणे होते, ते अवघे सव्वासहा इंच. तेच ओझे फळीवर घालून जमिनीवरून ओढले असते, तर पावणेसोळा फुटांतील प्रत्येक इंच घासत गेला असता. शिवाय जमिनीवरचे घासणे मातीदगडाचे, तर आसावरचे घासणे वंगण घातलेल्या गुळगुळीत लोखंडाचे. म्हणूनच चाक जितके उंच व आस जितका बारीक, तितकी ओढ हलकी. आमच्याकडील जुन्या गाड्यांची चाके माणसाच्या खांद्याला लागत, ती हौसेखातर नव्हे. उंच चाक खळग्यात पुरते उतरत नाही व दगडावर सहज चढते, हेही त्याचे कारण.

पुढची पायरी आऱ्यांची. भरीव चाक मजबूत खरे, पण वजनाने भारी. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी उरल पर्वताच्या दक्षिणेकडील लोकांनी आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ केले, याचे पुरावे त्यांच्या थडग्यांत मिळाले आहेत. आपल्या उपखंडात सिंधू संस्कृतीच्या हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या पुष्कळ सापडल्या. महाराष्ट्राचा पुरावा तर खास पाहण्याजोगा आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दैमाबाद म्हणून स्थळ आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणीत असता चार धातुमूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. रथाची चाके भरीव असून रथावर एक मनुष्य उभा आहे. हजारो वर्षांपूर्वी ज्याने ही मूर्ती ओतली, त्याने बैलांच्या मानेवरचे जू वगळले नाही, ही गोष्ट आम्हास विशेष वाटते. चाक आले तेथे जू आलेच.

याचा उलटा दाखलाही इतिहासात आहे. मेक्सिकोच्या जुन्या लोकांनी मातीची चाकांची खेळणी केली होती. म्हणजे चाक त्यांस ठाऊक होते. तरीही युरोपातील लोक तेथे जाईपर्यंत त्यांनी गाडी केली नाही. गाडी ओढण्याजोगे जनावर त्यांच्यापाशी नव्हते. ओझे माणसाच्याच पाठीवर राहिले. यावरून दिसते की, चाक एकटे काहीच करीत नाही. त्यामागे जनावर लागते, रस्ता लागतो, सुतार लागतो, लोहार लागतो.

आपल्या गावगाड्यात सुतार व लोहार हे बलुतेदार होते व सुगीच्या वेळी खळ्यावरून त्यांस धान्य मिळे. नव्या चाकास त्या दोघांचे हात लागत. सुतार बाभळीचा तुंबा घडवी, त्यात आरे ठोकी व आऱ्यांच्या टोकांवर पुठे बसवून परीघ पुरा करी. मग लोहाराचे काम. चाकाच्या परिघाहून किंचित लहान अशी लोखंडी धाव करून ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करावयाची, सांडशीने उचलून चाकावर उतरवावयाची आणि चहूबाजूंनी घण घालीत तिजवर पाणी ओतावयाचे. लोखंड तापले म्हणजे वाढते. ५ फुटी चाकाची धाव ४०० अंशांनी तापविली, तर तिचा घेर सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतो, आणि निवताच तेवढाच आवळतो. त्या आवळण्याने आरे, पुठे व तुंबा एकजीव होतात. पुस्तकी पदार्थविज्ञान ज्यांनी कधी वाचले नाही, त्या लोहारांनी हा नियम पिढ्यान् पिढ्या हाती खेळविला. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खिळखिळे झाले की शेतकरी ते ओढ्यात भिजत घाली, तेही याच जाणतेपणाने.

धाव या शब्दाची एक गंमत आहे. चाकाच्या लोखंडी कड्यासही धाव म्हणतात, आणि मोटेचे बैल ज्या उतारावरून चालतात त्यासही धाव म्हणतात. मोटेच्या चाकाचे काम गाडीच्या चाकाहून निराळे असते. विहिरीच्या तोंडावर उंच बसविलेल्या चाकावरून नाडा जातो, खाली कण्यावरून सोंदूर जातो, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होते. या चाकाने पाण्याचे वजन कमी होत नाही. जेवढे वजन, तेवढीच ओढ. फक्त ओढीची दिशा बदलते. वर उचलण्याचे काम खाली उतरण्याचे होते, आणि उतारावर बैलाच्या अंगचे वजनही त्याच्या मदतीस येते. कोकणपट्टीच्या बागायतीत रहाटगाडग्याने याच्या पुढे मजल मारली. तेथे दांतेरी चाकांच्या योगाने बैलाच्या गोल फेऱ्याचे उभ्या फेऱ्यात रूपांतर होते व मडक्यांची माळ अखंड पाणी ओतीत राहते. आमच्या बालपणी गावच्या विहिरींवर इंजिने आली होती व मोट बंद पडली होती. पण मोटेचे चाक कित्येक ठिकाणी तसेच राहिले होते, आणि त्यावर चिमण्या बसत.

अर्वाचीन काळात चाकाचे भाग्य पालटले ते सायकलीने, आणि त्यात १८८८ हे साल ध्यानी ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जॉन बॉइड डनलप याने हवा भरलेल्या रबरी धावेचा हक्क नोंदविला. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच काढली होती, परंतु ती मागे पडली होती. डनलप हा धंद्याने गुरांचा डॉक्टर असून त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीस धक्के बसू नयेत म्हणून हा उद्योग केला. त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. कडबा कापण्याच्या यंत्राचे जड चाक पाहा. एकदा वेग घेतला की ते स्वतःच्या वजनानेच फिरत राहते आणि जाड ताटावर पाते अडू देत नाही. येथे चाक वाहनही नव्हे व कप्पीही नव्हे. ते हाताच्या बळाची साठवण आहे.

रबरी धावेची गाडी पुढे बैलाच्याही वाट्यास आली. खेड्यापाड्यांत तिला टायरगाडी किंवा डनलप गाडी म्हणतात. रस्ता चांगला असेल तर तिची ओढ लाकडी चाकाच्या गाडीहून पुष्कळच हलकी. आसाभोवती पोलादी गोळ्यांचे बेअरिंग, बाहेर हवा भरलेली धाव. घासणेही कमी व धक्केही कमी. ज्या प्रवरेच्या काठी दैमाबादचा रथ मिळाला, त्याच प्रवरेच्या खोऱ्यात लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील उसाच्या सर्व मुलखांत थंडीच्या दिवसांत उसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा दिसू लागल्या.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती अशाच एका रस्त्यावरची आहे. आम्ही महसूल खात्यात कारकून होतो. एके वर्षी पौषात पाहणीहून परतताना ओढ्याच्या चढावर एक टायरगाडी अडलेली दिसली. एक बैल गुडघ्यांवर आला होता. गाडीवानाची बायको चाकामागे दगड देऊन तो हातांनी दाबून धरीत होती. मागच्या गाड्या थांबल्या होत्या. आम्ही उतरलो आणि सरकारी माणसाच्या सवयीने गाडीवानास विचारले, "बाबा, एवढे भरता कशाला? दोन मोळ्या कमी भराव्यात." तो रागावला नाही. जोते सोडता सोडता म्हणाला, "भाऊसाहेब, मजुरी टनावर हाय. बैलाचं ओझं कमी केलं, तर पोटाचं वाढतंया."

यावर आम्हास उत्तर सुचले नाही. जवळच्या वस्तीवरून एक म्हातारा सुतार आला. त्याने ऊस उतरवून घेतला, गाडीखाली ओंडका दिला, उचललेले चाक हाताने फिरविले. ते अर्ध्या फेऱ्यातच करकरून थांबले. बेअरिंगात वंगणाचा थेंब नव्हता, काही गोळ्या फुटून भुगा झाला होता. म्हातारा म्हणाला, "चाक नवं नि आत्मा जुना. बैल चाक ओढीत न्हाई, घासण ओढतोय." दुसऱ्या चाकाचीही तीच गत होती. गाडी भाड्याची होती. वंगण भाडेकऱ्याने घालावे की मालकाने, याचा निकाल हंगाम सुरू झाल्यापासून लागला नव्हता.

या प्रसंगाचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. जनावरांच्या ओझ्यासंबंधी केंद्र सरकारचे नियम १९६५ साली झाले. त्यांत मोठ्या बैलाच्या दुचाकी गाडीस साध्या चाकांवर ९०० किलो, हवेच्या धावांवर १,३५० किलो आणि बेअरिंग असल्यास १,८०० किलो अशी मर्यादा घातली आहे. दिवसात नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि उष्मा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ जुंपू नये, असेही त्यांत आहे. हिशेब शास्त्राला धरूनच आहे. परंतु त्यातून एक गोष्ट दिसून येते: चाक दुपटीने सुधारले, तेव्हा ओझेही दुपटीने वाढले, आणि बैल होता तेथेच राहिला. सुधारणेचा लाभ मालास मिळाला, भाड्यास मिळाला, वेळेस मिळाला. मानेस मिळाला नाही. त्यात बेअरिंग कोरडे पडले, की ओझे नव्या चाकाचे आणि ओढ जुन्याहून वाईट, असा दुहेरी मार बैल खातो. उतारावर तर आणखी कठीण. गाडीस रोध नसेल, तर मागून लोटणारे सारे वजन जुवाच्या वाटेने मानेवर येते.

दोष एकट्या गाडीवानाचा, असे म्हणून आम्हास हात झाडता येत नाहीत. मजुरी टनावर मोजली जाते, गाडी एकाची व बैल दुसऱ्याचे असतात, आणि वंगणाचा खर्च कोणाच्याच खात्यावर नसतो. अशा वेळी ओझे साहजिकच त्याच्याकडे सरकते, ज्याला बोलता येत नाही.

जेथे चाक पोचलेच नाही, तेथील ओझे कोण वाहतो, हेही पाहिले पाहिजे. शेतातून नांगर, खत व माल गाडीत बसून जातो. परंतु पाण्याची घागर, जळणाची मोळी आणि वैरणीचा भारा अजून पुष्कळ घरी बायकांच्या डोक्यावर असतो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली दोघा इंजिनियरांनी ९० लिटर पाण्याचे असे पिंप काढले की, ते आडवे पाडून दांड्याने ढकलीत न्यावे. पिंप हेच चाक, आणि पाणी चाकाच्या पोटात. आपल्याकडील कित्येक टंचाईग्रस्त गावांतही अशी पिंपे आली आहेत. दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे: सायकल कोळपे. जुन्या सायकलीचे एक चाक, मागे दांडा व खाली पास. एवढ्या साहित्यावर उभ्याने तण काढता येते. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईच्या कमरेस यापरता स्वस्त उतारा आम्हास ठाऊक नाही. गावच्या लोहाराकडे ते सहज होते. मात्र ते ओळीतल्या पेरणीतच चालते, म्हणून पेरतानाच दोन ओळींत त्याच्या पासेपुरते अंतर ठेवावे लागते.

आता वाचकांपैकी ज्यांच्या दारी गाडी आहे, त्यांच्या सोयीसाठी चार गोष्टी सांगतो. हंगामापूर्वी गाडी टेकूवर घेऊन प्रत्येक चाक मोकळे फिरवावे. न करकरता बराच वेळ फिरत राहिले तर ठीक, नाहीतर खोलून बेअरिंग धुवावे व नवे वंगण भरावे. लाकडी चाकाच्या गाडीस ऐन कामाच्या दिवसांत वारंवार वंगण द्यावे, आणि कुठे धूळ मिसळून ते घट्ट झाले असेल तर आधी पुसून काढावे. धुळीचे वंगण कानशीसारखे आस खाते. दोन्ही टायरांतील हवा सारखी ठेवावी, कारण एक बसका असला की गाडी एका बाजूस ओढते व त्या बाजूचा बैल जास्त झिजतो. माल भरताना वजन आसाच्या बरोबर वर येईल असे पाहावे. पुढे अधिक झाले तर जू मानेत रुतते. मागे अधिक झाले तर जू वर उचलून बैलाच्या गळ्यास फास बसतो. गाडी भरल्यावर जू दोन हातांनी उचलून पाहावे; ते सहज उचलले जाईल, पण आपोआप वर जाणार नाही, इतके वजन पुढे असावे. आणि गाडी भाड्याची असेल, तर वंगण कोणी द्यावयाचे ते पहिल्या दिवशीच चार माणसांसमक्ष ठरवावे. जे सोसायट्यांचे व कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी हा प्रश्न सभेत काढावा. एका डब्याच्या खर्चाने जर एका बैलाचे वर्ष वाढत असेल, तर तो खर्च कोणाच्याही खात्यावर शोभेल.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपल्याकडे खांदेमळणी होते. ज्या खांद्यावर वर्षभर जू असते, तो ऊन पाण्याने शेकून त्यास तूप व हळद लावतात. रीत फार सुंदर आहे, आणि ती कोणी सोडू नये. परंतु त्या सायंकाळी हात पुसण्यापूर्वी शेतकऱ्याने गाडीपाशीही जावे, चाक फिरवून पाहावे, आणि कोरडे असेल तर आसास वंगण द्यावे. खांद्याला लावलेले तूप एक दिवस पुरते; आसाला लावलेले वंगण बैलास रोज पोचते.